वखारीची कचेरी

आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार होती. ओल्या भुशाचा वास, मोठा तराजू आणि गल्ल्यावर डुलक्या काढणारा मालक एवढ्यावर माझ्यापुरता त्या शब्दाचा अर्थ संपत होता. त्यामुळे चौथीच्या इतिहासात ‘इंग्रजांनी सुरतेस वखार घातली’ हे वाक्य आलं तेव्हा इंग्रज सुरतेत सरपण विकत असावेत, असं मला बरेच दिवस वाटत होतं. पुढे 1661 मध्ये महाराजांनी राजापूरची वखार खणून काढली हे वाचलं, तेव्हा प्रश्न पडला की लाकडांसाठी एवढी यातायात कशाला?

वखार म्हणजे माल साठवायची जागा. लाकडाची, कोळशाची, कापडाची, कशाचीही. आजही धान्य साठवणाऱ्या सरकारी संस्थेचं नाव ‘महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ’ असंच आहे. गोदाम हा शब्द मात्र मलायातल्या ‘गुदांग’शी नातं सांगणारा, बंदराबंदरांतून फिरलेला. सुरत-राजापूरच्या वखारींबद्दल आपण शाळेत शिकतो, पण तिथून जहाजावर चढलेला माल उतरायचा कुठे, हे आपल्याला कोणी सांगत नाही. दोरीला दुसरं टोक असतं तसं या वखारींनाही होतं. ते लंडनमध्ये होतं आणि त्यातला मोठा भाग अजून उभा आहे.

लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेला पाचेक मिनिटं चाललं की न्यू स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली लागते. गल्लीच्या एका बाजूला पिवळसर-करड्या विटांची अशी भिंत उभी आहे, की मान वर करून पाहावं लागतं. ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी बंगाल वखार. बांधकाम 1769 ते 1771. तिच्या मागे कटलर स्ट्रीटपर्यंत, मधे चौक सोडत, एकाला एक लागून वखारी वाढत गेल्या. 1820 च्या सुमारास काम थांबलं तोवर जवळपास पाच एकर जागा व्यापली गेली होती. आज या सगळ्या आवाराचं नाव डेव्हनशायर स्क्वेअर आहे आणि तिथं कार्यालयं आहेत.

यातली गंमत अशी, की कंपनीची खरी कचेरी तिथून जेमतेम दहा मिनिटांवर, लेडनहॉल स्ट्रीटवर होती. तिला ईस्ट इंडिया हाउस म्हणत. दर्शनी भागाला दगडी खांब होते, वर शिल्पं कोरलेली त्रिकोणी कमान. आतल्या दालनांत बसून मंडळी अर्ध्या हिंदुस्थानचे हिशेब करत. निबंधकार चार्ल्स लॅम्ब तिथंच कारकून होता, 1792 ते 1825. ती देखणी इमारत 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला पाडली. आज त्या जागी लॉइड्सची पोलादी इमारत उभी आहे, नळ-पाइप-लिफ्टा सगळं अंगाबाहेर काढून. म्हणजे कचेरी गेली, वखार राहिली आणि शेवटी वखारीचीच कचेरी झाली. हे असं का झालं, त्याचं बरंचसं उत्तर विटा-लाकडांत आहे.

पण विटांकडे जाण्याआधी सालाकडे एकदा पाहू. 1769–71. प्लासीला बारा वर्षं झाली होती आणि बंगालची दिवाणी मिळून चार. पुण्यात थोरले माधवराव पेशवे होते. आणि नेमक्या याच वर्षांत बंगालमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात प्रांतातली एक तृतीयांश माणसं गेली असा अंदाज पुढे वॉरन हेस्टिंग्जनेच नोंदवला. तिकडे कोठारं रिकामी होत होती आणि इकडे त्याच प्रांताच्या नावाची वखार रद्द्यावर रद्दा चढत उंच होत होती. हा योगायोग कुठल्या फलकावर लिहिलेला मला दिसला नाही. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की मला मात्र तो आठवल्याशिवाय राहत नाही.

एवढी भक्कम वखार लागत होती त्याचं कारण कायद्यात होतं. हिंदुस्थानची छापील सुती कापडं आणि रेशीम इंग्लंडात इतकं खपायला लागलं, की तिथल्या विणकरांनी दंगे केले. 1700 साली कायदा झाला, की असं कापड आणा हवं तर, पण देशात वापरायचं नाही. जकात खात्याच्या देखरेखीखाली कोंडून ठेवा आणि परदेशी पाठवा. म्हणजे माल इंग्लंडात आहे, पण कायद्याने इंग्लंडात नाही. अशा मालाला भिंत लागते ती ऊन-पावसापेक्षा चोरट्या विक्रीला अडवण्यासाठी. चहाचंही तसंच. अमेरिकेत बॉस्टनच्या बंदरात 1773 मध्ये चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिची सुरुवात लंडनच्या वखारींत झाली. कोटीभर पौंडांहून जास्त चहा न विकता पडून होता, आणि तो खपवण्यासाठीच पार्लमेंटने कंपनीला अमेरिकेचा रस्ता मोकळा करून दिला होता.

मग 1784 उजाडलं. पंतप्रधान धाकट्या पिटने चहावरचा कर 119 टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला. चोरटा चहा विकणाऱ्यांचं कंबरडं मोडलं, कायदेशीर चहाची आयात थोड्याच वर्षांत दुपटीच्या पुढे गेली आणि चहा ठेवायला जागा पुरेना. कटलर स्ट्रीटवरची 1790 नंतरची बांधकामं या लाटेतली. चहावरचा तोटा भरून काढायला पिटने घरांच्या खिडक्यांवरची पट्टी वाढवली, आणि त्याच वर्षी विटांवरही कर बसवला. एकाच वर्षी चहा स्वस्त, खिडकी महाग, वीट महाग! खिडकीपट्टी राहत्या घरांवर होती, वखारीला तिची झळ नव्हती. तरीही वखारीला खिडक्या कमीच ठेवल्या. चहाला, रेशमाला, निळीला उजेड नको असतो. ही साधी गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे दोनशे वर्षांनी हीच सगळ्यांना नडणार आहे.

कंपनीचे सर्व्हेअर, म्हणजे आपल्या भाषेत घरचे स्थपती, रिचर्ड जप आणि त्यांच्यानंतर हेन्री हॉलंड. या दोघांनी वखारीवर नक्षी केली नाही. सहा-सहा मजले, सारख्या अंतरावर लहान खिडक्या, मधेच आंधळ्या कमानी, म्हणजे कमानीचा आकार आहे पण आत भिंतच, आणि बाकी नुसती वीट. तरीही ती भिंत कंटाळवाणी वाटत नाही. माझ्या मते याचं श्रेय विटेच्या मापाला आहे. वीट माणसाच्या एका हातात मावेल एवढीच असते, त्यामुळे भिंत कितीही अजस्र झाली तरी डोळ्याला धरायला काहीतरी मिळत राहतं. काँक्रीटच्या सपाट भिंतीपाशी डोळा घसरतो.

या विटेला ‘लंडन स्टॉक’ म्हणतात आणि तिचा रंग आपल्याकडच्या विटेसारखा तांबडा नसतो. मातीत लोह असलं की भाजल्यावर वीट लाल होते. लंडनचे वीटभट्टीवाले त्या मातीत खडूची भुकटी मिसळत. चुनखडीच्या संगतीत लोहाचा लाल रंग मारला जातो आणि वीट पिवळी निघते. मातीत आणखी एक गोष्ट जायची, ती म्हणजे शहराच्या चुलींतली राख. लंडनच्या घराघरांतून गोळा केलेली कोळशाची राख चाळून त्यात कालवत. राखेत अर्धवट जळलेले कोळशाचे कण असत, त्यामुळे भट्टीत वीट बाहेरून भाजली जाई तशी आतूनही. आपल्याकडे वीटभट्टीवाले मातीत भाताचं तूस किंवा राख मिसळतात, त्यातलाच हा प्रकार. जवळून पाहिलं तर या विटांत काळे ठिपके दिसतात. कोणाच्या तरी अठराव्या शतकातल्या शेगडीची ती राख आहे.

पुढे त्याच शेगड्यांच्या धुराने सगळं लंडन काळं केलं. 1952 च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 मध्ये हवा शुद्ध राखण्याचा कायदा आला, इमारती धुतल्या जाऊ लागल्या आणि म्हाताऱ्या लंडनकरांनाही प्रथमच कळलं की आपलं शहर मुळात पिवळं आहे.

विटांमधला चुना हा खरं तर या भिंतीचा जीव. आपले जुने गवंडी घाणीत मळलेल्या चुन्याचं जे कौतुक करत, ते इथंही लागू पडतं. चुन्याचा दर्जा, म्हणजे दोन विटांमधला सांधा, विटेपेक्षा मऊ असतो. भिंत हलली, फुगली, खचली तर भेग दर्ज्यातून जाते, वीट शाबूत राहते. पावसाचं पाणी भिंतीत मुरलं तर दर्ज्यातूनच बाहेर पडतं. नंतर कोणी हुशारी करून हे दर्जे सिमेंटने भरले, की पाण्याचा तो रस्ता बंद होतो. मग पाणी विटेतून वाट काढतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटून येतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण पुण्यातल्या कितीतरी वाड्यांच्या भिंती याच सिमेंटच्या उपकारांनी पोपडे धरून बसल्या आहेत.

वखार नदीकाठी का नाही, असाही प्रश्न पडतो. हांबुर्ग, लिव्हरपूलच्या वखारी थेट पाण्यात पाय सोडून बसलेल्या आहेत. जहाज भिंतीला लागतं आणि माल वर चढतो. कंपनीची जहाजं मोठी, ती शहरापर्यंत येत नसत. 1806 मध्ये खाली ब्लॅकवॉलला कंपनीच्या जहाजांसाठी खास डॉक झाला. तिथून कुलूपबंद, पहारा असलेल्या गाड्यांतून माल पाचेक किलोमीटर शहरात यायचा आणि या चौकांत रिता व्हायचा. म्हणून इथले चौक हे शोभेचे नाहीत. घोडागाड्या आत याव्यात, वळाव्यात, आणि दरवाजा बंद करता यावा यासाठी ते आहेत. भिंतीवर वरपर्यंत एकाखाली एक दरवाजे, वर कप्पी, दोरखंडाला लटकलेली गासडी, आणि प्रत्येक मजल्यावर तिला आत ओढून घेणारे हमाल. लंडनमधल्या वखारींत कंपनीचे असे हजारो हमाल होते. कामावरून घरी जाताना त्यांची झडती व्हायची. आणि 1796 मध्ये, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, याच हमालांना बंदुका देऊन कंपनीने लंडनमध्ये स्वतःची पलटण उभारली! हिंदुस्थानात कंपनीची फौज होती हे आपण जाणतो, पण इंग्लंडात आपल्याच गोदामांची राखण करायला तिने हमालांची फौज केली, हे वाचून मला हसूही आलं आणि थोडं बरंही वाटलं.

आता आत जाऊ. बाहेर विटांचं टरफल आणि आत लाकडाचा सांगाडा, ही त्या काळच्या वखारीची साधी मांडणी. ज्याने पुण्या-नाशकातला वाडा पाहिला आहे त्याला ती लगेच कळेल. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट. फरक एवढाच की वाड्यातल्या माडीवर माणसं झोपतात आणि वखारीच्या माडीवर चहाच्या पेट्यांच्या थप्प्या असतात. म्हणून सगळं जाडजूड. लाकडाचा एक स्वभाव असतो: उभ्या रेषांच्या दिशेने ते प्रचंड भार सोसतं, आडवं दाबलं की चेपतं, आणि वाळताना आडवंच आकसतं. खालच्या खांबावर तुळई, तुळईवर वरचा खांब, असं सहा मजले रचत गेलं तर प्रत्येक तुळई थोडी थोडी चेपत जाते आणि वरचा मजला चांगला इंच-दोन इंच खाली बसतो. सुतारांनी त्यावर उपाय शोधला. तुळईच्या वर-खाली ओतीव लोखंडाची टोपी बसवायची, जिच्यातून वरच्या खांबाचा भार थेट खालच्या खांबात उतरेल आणि तुळई मधे चेपली जाणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या वखारींत खांबाच्या माथ्यावर या लोखंडी टोप्या दिसतात. आजकालचे लोक त्यांना सजावट समजून त्यांच्यावर दिवे सोडतात.

लाकूड म्हणजे आगीला आमंत्रण, असं आपल्याला वाटतं. जाड लाकडाची गोष्ट निराळी आहे. जाड तुळई पेटली की बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाची ढाल बनतो. आग साधारण मिनिटाला पाऊण मिलिमीटर या गतीने आत सरकते. एक फूट जाडीच्या खांबाला त्यामुळे बराच वेळ मिळतो. उघडं लोखंड मात्र जळत नाही, पण तापलं की नरम पडतं. साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते. हांबुर्गच्या श्पाइखरश्टाटमध्ये, म्हणजे 1883 पासून उभारलेल्या आणि 2015 साली जागतिक वारसा ठरलेल्या त्या विटांच्या वखारनगरीत, हे प्रत्यक्ष अनुभवाला आलं. 1891 च्या आगीत उघडे लोखंडी खांब दगा देऊन गेले, आणि नंतरच्या काही वखारींत इंजिनियरांनी आधुनिक लोखंड सोडून पुन्हा ओक लाकडाचे खांब घातले. तंत्रज्ञान पुढेच जातं असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं.

कंपनीचा व्यापार 1833 च्या कायद्याने संपला. वखारी एका डॉक कंपनीने घेतल्या, 1909 नंतर त्या लंडनच्या बंदर प्राधिकरणाकडे आल्या. त्या काळात इथं चहाबरोबर गालिचे, हस्तिदंत, मसाले, सिगार, पिसं असलं मौल्यवान सामान ठेवलं जाई. मग कंटेनर आला. आता पेटीच वखार झाली. ती जहाजातून उचलून थेट ट्रकवर. शहराच्या पोटात सहा मजले चढवून माल ठेवायचं कारण उरलं नाही. 1970 च्या दशकात ही पाच एकर जागा विकायला निघाली तेव्हा आजूबाजूला बँकांच्या मनोऱ्यांचे भाव गगनाला भिडले होते.

वखारीची कचेरी करायची तर काही गोष्टी आयत्या मिळतात. सगळ्यात मोठी म्हणजे ताकद. कार्यालयाच्या जमिनीवर दर चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो भार धरून आराखडे करतात. वखारीची जमीन त्याच्या दोन-तीन पट सोसायला बांधलेली. टेबलं, संगणक, माणसं, सगळी मिळून तिला हलकीच. दुसरं म्हणजे मोकळेपणा, कारण आत भिंती नाहीत, नुसते खांब. तिसरं, जाड भिंती. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, आत बारा महिने एकच हवा. दोन-अडीच फूट जाडीची वीटभिंत थोडंफार तेच करते, बाहेरचा चढउतार आत पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो.

नडतो तो उजेड. खिडकीच्या माथ्याची उंची जेवढी, त्याच्या साधारण दुप्पट-अडीचपट आतपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. म्हणजे सहा-सात मीटर. वखार मात्र तीस-चाळीस मीटर खोल असू शकते. चहाच्या पेटीची काही तक्रार नव्हती. कारकुनाची असते. दुसरी अडचण छताची. वखारीत माल माणसाच्या हाताला पोचेल एवढाच रचतात, म्हणून मजले ठेंगणे. त्यात वातानुकूलनाचे पत्र्याचे नळ, वायरी, पाण्याचे फवारे घालून खाली खोटं छत ठोकलं की डोक्याला लागायची पाळी. म्हणूनच वास्तुविशारदांनी हे नळ उघडेच ठेवायला सुरुवात केली. ती होती अडचण. तिची पुढे फॅशन झाली, आणि आज हिंजवडीच्या नव्याकोऱ्या काँक्रीटच्या इमारतीतही छत उघडं ठेवून भिंतीला विटांच्या चित्राचा कागद चिकटवतात. माझा त्या कागदावर राग नाही. पण कागदातल्या विटा तांबड्याच का असतात आणि त्यांचे दर्जे सिमेंटचे का, असं विचारावंसं वाटतं.

तिसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. ऊर्जा वाचवायला भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावतात. त्याने खोली उबदार होते, पण भिंत स्वतः थंड आणि ओली राहते. त्या ओल्या भिंतीत तुळईचं टोक खोवलेलं असतं. वरून सगळं झकास, आणि आत तुळईचं टोक कुजत चाललेलं. म्हणून जाणते लोक आतून चुन्याचा गिलावा करतात, ओल बाहेर जायला वाट ठेवतात, आणि सगळ्या भिंती झाकायचा हट्ट धरत नाहीत.

कटलर स्ट्रीटवर यातल्या फारशा कशाशी झगडावंच लागलं नाही, कारण सोपा मार्ग निवडला गेला. 1978 ते 1982 या काळात वास्तुविशारद रिचर्ड सिफर्ट यांच्या कार्यालयाने इथं ‘कटलर्स गार्डन्स’ उभं केलं. हेच सिफर्ट जवळच्या नॅटवेस्ट मनोऱ्याचे, 183 मीटर उंचीच्या. काही वखारी पाडल्या. ज्या ठेवल्या त्यांतल्या बऱ्याच आतून पोखरल्या. बाहेरची वीट ठेवली आणि आत नवा सांगाडा घातला. हे करणं तसं सोपं नसतं. सहा मजली भिंत आधाराशिवाय उभी राहत नाही, ती मधल्या तुळयांनी धरलेली असते. म्हणून आधी पोलादी परांचीसारखा सांगाडा भिंतीला लावतात, मग आतलं काढतात, मग नवीन खांब-जमिनी ओततात आणि भिंत त्यांना खिळवतात. नव्या जमिनींची पातळी जुन्या खिडक्यांशी जुळवावी लागते, नाहीतर खिडकीच्या मधोमध काँक्रीटची पट्टी दिसते. असल्या खिडक्या जगभर आहेत. शोधल्या तर मुंबईतही सापडतील.

यावर तेव्हाही टीका झाली आणि माझाही कल टीकाकारांकडे आहे. विटांची भिंत हा वखारीचा चेहरा असेल, पण वखार म्हणजे खांब-तुळयांचं ते अंधारं जंगल. ते काढून टाकलं की उरतो तो मुखवटा. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. तेव्हाच्या लंडनमध्ये दुसरा पर्याय बहुधा आणखी एक मनोरा हाच होता. चौक राहिले, गल्ल्या राहिल्या, न्यू स्ट्रीटवरची ती भिंत राहिली. निदान मान वर करून पाहायला काहीतरी आहे.

दुसरी रीत पाहायची तर अमेरिकेत मिनियापोलिसला जावं लागेल. तिथं बटलर ब्रदर्स या घाऊक व्यापाऱ्यांची नऊ मजली वीट-वखार आहे, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली, हॅरी वाइल्ड जोन्स यांनी आखलेली. बाहेरून ती किल्ल्यासारखी दिसते, उभ्या अरुंद खाचांत बसवलेल्या खिडक्या आणि वर पुढे आलेली विटांची पट्टी. आत जाड लाकडी खांबांच्या रांगा, तळाला खांब जाड, वर जावं तसे बारीक. प्रत्येक मजला आपल्या डोक्यावरचा भार किती, ते खांबाच्या जाडीनेच सांगतो. 1974 मध्ये तिची कार्यालयं झाली तेव्हा वास्तुविशारदांनी कात्री उलटीकडून चालवली. भिंतींना हात न लावता इमारतीच्या पोटातून मधल्या जमिनी कापून काढल्या, वर काचेचं छत घातलं आणि खांब-तुळया बऱ्याच जागी तशाच उघड्या ठेवल्या. चौसोपी वाड्यात मधला चौक जे करतो ते त्यांनी केलं. त्या चौकात वर जॉर्ज सेगल या शिल्पकाराची झोक्यावरच्या कसरतपटूंची पांढरी शिल्पं टांगली. नऊ मजले उंचीचा लाकडाचा सापळा आणि त्यावर वरून पडणारा उजेड. वखारीला दिवस दिसला तो असा.

त्यात तोटा आहेच. मधली जमीन कापली म्हणजे भाड्याने द्यायची जागा गेली. हिशेबनीस म्हणणार की चौक म्हणजे पैसे न देणारी हवा. पण चौकाभोवतीच्या टेबलांना उजेड मिळतो, म्हणून त्या टेबलांचं भाडं येतं. चाळीस मीटर खोल मजल्याच्या मधल्या अंधारात फायलीच ठेवता येतात, आणि आता फायलीही उरल्या नाहीत.

मुंबईच्या गिरण्यांबद्दल इथं लिहायचा मोह मी आवरतो. तो विषय कामगारांच्या घरांचा आणि नोकऱ्यांचा आहे, विटांचा नंतर. फिनिक्स मिलची चिमणी मात्र मॉलच्या मधोमध अजून उभी आहे. चिमणी ठेवली की गिरणी ठेवली, असं ज्यांना वाटतं ते आणि सिफर्टसाहेब यांचं चांगलं जमलं असतं.

अशी इमारत रस्त्यावरून ओळखायच्या एक-दोन खुणा सांगतो. भिंतीवर बाहेरून लोखंडी चकत्या किंवा फुल्या दिसल्या, तर आत तुळया आहेत किंवा होत्या. त्या चकत्या तुळईला भिंतीशी बांधणाऱ्या सळईची टोकं. ती कोणी शोभेला लावत नाही. आणि वरच्या मजल्यांवर एकाखाली एक, जमिनीपर्यंत पोचणारी लांबट काचेची तावदानं दिसली, बाल्कनी नसताना, तर ते मालाचे दरवाजे होते.

माझा भाचा पूर्व लंडनमधल्या अशाच एका दुसऱ्या, लहानशा वखारीत कामाला जातो. मी मोठ्या उत्साहाने त्याला चुना, राख, तुळयांच्या टोप्या वगैरे सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मामा, ते सगळं बरोबर आहे, पण या भिंतींतून वाय-फाय जात नाही. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत मिळत नाही.’’ मग कॉल कुठून करतोस, असं विचारलं. तिसऱ्या मजल्यावर पूर्वी माल ओढून घ्यायचा दरवाजा होता, तिथं आता मोठी काच आहे. तिच्याशी उभं राहिलं की फोन लागतो, म्हणून सगळे तिथंच गर्दी करतात, असं तो म्हणाला. काचेच्या वर, बाहेर, कप्पीचा गंजलेला हात अजून तसाच आहे.